मिसरीच्या डबीतल्या गोळ्या

"काकू, आई पडली, उठंना गं…" एवढंच सोनी बोलली आणि कुणीतरी तिच्या हातातून फोन घेऊन सांगितलं, ती गेली. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी गेवराई तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. त्या वेळी माझ्यापुढं गावातली एक नवी सून बसली होती, सोबत तिची नणंद. माझ्या हातात गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट होतं. पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण मी फोन ठेवला आणि त्या पोरीला अर्धवट राहिलेलं वाक्य आधी पुरं करून सांगितलं. "रोज एकाच वेळी घ्यायची. जे काम तू मरायला टेकलीस तरी चुकवत नाहीस, त्या कामाला गोळी बांधून टाक." मग खुर्चीत बसले आणि लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हेच. बावीस वर्षं मी ते वापरते आहे, पण ज्या बाईचं ते आहे ती बाई आत्ताच गेली होती.

कौसल्या माझी थोरली जाऊ. मी तिला 'बाई' म्हणायचे आणि ती मला 'संगे'. गेली त्याला आता पाच आठवडे झाले. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, दोन मुली, एक मुलगा आणि सगळ्यांत शेवटी सोनी असा तिचा गोतावळा. शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव तेलगावजवळ, घरात कापूस, थोडा ऊस, दोन म्हशी. भावकीत, सोयऱ्यात, गल्लीत तिची ओळख एकाच शब्दात करून दिली जायची : विसरभोळी. "आमची थोरली मायाळू हाय, पर लई इसराळू," असं सासूबाई आल्या-गेल्याला चहाबरोबर सांगायच्या. हा लेख मी त्या एका शब्दासाठी लिहिते आहे. तो शब्द खोटा आहे, आणि खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बारावी झालेली, नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केलेला. बैठकीत माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती, पोरीला शिकू द्या. आमच्या बौद्ध समाजात शिक्षणाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, तसं सासूबाईंनीही म्हटलं नाही. पण लग्नाच्या चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "शीक की. पर आधी एक नातू दे, मग खुशाल शीक." आमचे हे तिथंच भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर गडी लागला नखं बघायला. स्वभावानं चांगले आहेत हो, पण आईपुढं त्यांना आजतागायत वाचा फुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला मी मागच्या न्हाणीजवळ तोंड धुवायला गेले. बाई दगडावर बसून मिसरी लावत होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड, आमच्याकडच्या बायकांची सकाळ तिच्याशिवाय उजाडत नाही. बाईची डबी म्हणजे स्नोची जुनी पत्र्याची डबी, झाकणावरचा रंग उडालेला. तिनं इकडं-तिकडं पाहिलं आणि बोट तोंडातून काढून विचारलं, "खरं सांग. तुला शिकायचंय का लेकरू पायजे?"

"शिकायचंय."

"मग हे गीळ." तिनं डबी उघडली. मिसरीवर कात्रीनं कापलेला पाकिटाचा एक तुकडा होता. त्यातली पांढरी गोळी तिनं माझ्या तळहातावर काढून ठेवली. मी तांब्यातल्या पाण्यानं गिळली. जिभेवर मिसरीची कडू चव आली. "आन् कुणाला बोलू नको. ह्या घरात भिताडाला बी कान हायत, आन् ते समदे आत्याबाईचे हायत," सासूबाईंच्या खोलीकडं बघत ती म्हणाली आणि पुन्हा दात घासायला लागली.

गोळ्या तिच्याच होत्या. तीन लेकरांनंतर ती गावच्या सिस्टरकडून दर महिन्याला गुपचूप एक पाकीट आणायची. ऑपरेशनला थोरले दीर तयार नव्हते, सासूबाई तर त्या शब्दानंच पेटायच्या, त्यांना आणखी एक नातू हवा होता. पाकीट बाईच्या नावावर एकच मिळायचं. माझं नाव घालावं तर अंगणवाडीतून ते दुपारपर्यंत सासूबाईंच्या कानावर आलं असतं, आणि तेलगावच्या मेडिकलवर जावं तर दुकानदार दिरांचा वर्गमित्र. मग बाईनं आपल्या पद्धतीनं तोड काढली. त्या घरात भाकरी असो, साबण असो की माहेराहून आलेला खाऊ, जावांनी निम्मं-निम्मं करायचं अशी रीतच होती. तिनं गोळ्याही वाटल्या. एक दिवस तिची, एक दिवस माझी.

"दिवसाआड चालतंय का पण?" मी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू.

"कावून न्हाई चालत? नळाला पाणी दिवसाआडच येतंय ना? घर चालतंय का न्हाई?" आता हसू येतं. पण बीड जिल्ह्यातल्या बाईनं आणखी कशावरून हिशेब करायचा? एक दिवस भरलेला रांजण दुसऱ्या दिवशी पुरतो, तशी आजची गोळी उद्यापर्यंत अंगात पुरत असेल, असं तिला वाटलं. बारावी पास असून मलाही ते पटलं. मे ते ऑगस्ट आम्ही दोघी असंच करत होतो आणि दोघींनाही काही झालं नाही. ते निव्वळ नशीब होतं.

सप्टेंबरात माझं नाव लागलं आणि मी बीडला होस्टेलवर गेले. सासूबाईंनी धुसफूस केली, पण तोवर 'दिवस' काही गेलेले नव्हते, त्यामुळं अडवायला निमित्त सापडलं नाही. शनिवारी संध्याकाळी घरी यायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचं. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं, कोर्समध्ये दिवस गेले तर नाव कमी होईल. आणि दिवाळीच्या आधी मॅडमनी कुटुंबनियोजनाचा धडा घेतला.

त्या तासाला मी तिसऱ्या बाकावर बसले होते. मॅडम सांगत होत्या, गोळीतली औषधं अंडाशयाला गप्प बसवतात, बीज पिकून बाहेर पडत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो तो दाट होतो, पुरुषबीजाला वाट मिळत नाही. पण हे सगळं औषधाची अंगातली पातळी टिकली तरच, आणि ती साठून राहत नाही, म्हणून रोज एक. पाकिटात एकवीस गोळ्या पांढऱ्या, त्या खऱ्या कामाच्या. शेवटच्या ओळीतल्या सात चॉकलेटी गोळ्या नुसत्या लोहाच्या, रक्तवाढीच्या, आणि रोजची सवय मोडू नये म्हणून ठेवलेल्या. मी हात वर केला. "मॅडम, दिवसाआड घेतली तर?" सगळा वर्ग हसला. "तर मग नऊ महिन्यांनी माझ्याकडंच बाळंतपणाला यायचं," मॅडम म्हणाल्या. मी वहीत 'रोज एक' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी घरी पोचले, रविवारी सकाळी न्हाणीजवळ बाईला सगळं सांगितलं. शिकवणीतलं सगळं, अगदी तोंडपाठ. एक पांढरी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील, आणि पुढच्या नेहमीच्या वेळी सुरू ठेवायच्या. दोन किंवा जास्त चुकल्या की धोका. तेव्हाही आठवताक्षणी एक घ्यायची, रोजची गोळी चालू ठेवायची आणि सलग सात पांढऱ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायचा. पाकिटाच्या सुरुवातीच्याच चुकल्या असतील आणि संबंध आला असेल तर सिस्टरकडं लगेच पळायचं, त्यासाठी वेगळी गोळी असते. चॉकलेटी चुकली तर काही बिघडत नाही, फेकून द्यायची, फक्त नवं पाकीट ठरल्या दिवशी उघडायचं. बाई तोंडात बोट धरून ऐकत होती. शेवटी थुंकली, चूळ भरली आणि म्हणाली, "म्हंजी एक पाकीट एकीलाच पुरतंय?"

"हो."

"बरं."

पुढच्या रविवारी तिनं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. शेवटची चॉकलेटी ओळ कात्रीनं कापून घेतलेली. "हे तुला. मी दुसरं आणलंय, सिस्टर देतीय आता मला दोन. तांबड्या तेवढ्या मी ठिवल्यात, माझे हातपाय लई दुकतेत." दर महिन्याला असंच. आणि बजावणं तर ठरलेलंच, "हे बघ संगे, माझी मिसरी मी मेले तरी चुकत न्हाई. तू बी असं काम धर जे चुकतच न्हाई, आन् त्याला गोळी बांध." मी होस्टेलच्या वेणीला गोळी बांधली. सकाळी वेणी घातली की गोळी. अठरा महिन्यांत एकही चुकली नाही.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते… रविवारी सकाळी न्हाणीजवळ बाई माझ्यादेखत डबीतून गोळी काढून खायची. या रविवारी चॉकलेटी. पुढच्या रविवारीही चॉकलेटी. त्याच्या पुढच्याही. पांढरी एकदाही नाही. ज्या बाईकडं स्वतःचं पूर्ण पाकीट आहे तिच्या वाट्याला चॉकलेटी गोळ्यांचा आठवडा चारांतून एकदा येतो. हे गणित मला येत होतं, परीक्षेत मी ते लिहून गुण घेतले होते. तिसऱ्या महिन्यात मला कळलं, दुसरं पाकीट नाहीच. ती मला पांढऱ्या देते आणि स्वतः लोहाच्या गोळ्या खाते, मला संशय येऊ नये म्हणून. मी तिला विचारायला हवं होतं. दवाखान्यातल्या कुटुंबनियोजनाच्या खोलीत जाऊन माझ्यासाठी वेगळं पाकीट मागायला हवं होतं, होस्टेलपासून चार पावलांवर ती खोली होती. पण मला लाज वाटली, मॅडमच्या नजरेची भीती वाटली… आणि खरं म्हणजे मला ते पाकीट हवं होतं. मी गप्प बसले.

संक्रांतीच्या सुमारास बाईला उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंनी ओळखलं आणि त्यांच्या पायाला चाकं लागली. मी रविवारी आले तर बाई चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापत होती. मी जवळ गेले, तर मान वर न करता म्हणाली, "काय तोंड पाडून बसलीस? कुणी मेलंय का? जा, अभ्यास कर." पाकीट बंद झालं, तेव्हा कुठं मी लाज सोडून दवाखान्यातल्या त्या खोलीत गेले.

सोनी झाली त्या दिवशीही रविवार होता. गावच्या उपकेंद्रात भर दुपारी बाळंतपण झालं, मी गरम पाणी आणि धुतलेले कपडे द्यायला आत-बाहेर करत होते. मुलगी झाली म्हणताच सासूबाईंचं तोंड उतरलं. आणि सिस्टर, दमलेली, घामाघूम, सगळ्यांसमोर बोलून गेली, "दर महिन्याला पाकीट नेत होतीस ना गं? मग? खायला विसरलीस होय? अडाणी कुठली!" झालं. गुपित फुटलं. सासूबाई ताडकन उठल्या, "आसं? माझ्या माघारी गोळ्या खात होतीस? आन् त्या बी धड खायला आल्या न्हाईत तुला?"

बाईनं बाळाकडं पाहिलं, मग सरळ माझ्याकडं पाहिलं. मी दारात पातेलं धरून उभी होते. माझी शेवटची परीक्षा सहा महिन्यांवर होती. ती म्हणाली, "इसरले, आत्याबाई. ध्येनात राह्यलं न्हाई."

मी पातेलं खाली ठेवलं आणि बाहेर आले.

त्या दिवसापासून ती विसरभोळी. आणि सोनी 'चुकून झालेली'. कौतुकानंच म्हणत, पोरगी सगळ्यांची लाडकी होती. पण लाडानं म्हटलं तरी शब्द तोच. सोनी शाळेत जायला लागली तेव्हा कुणीतरी पाहुणा विचारी, "ही कितवी?" आणि कुणीतरी उत्तर देई, "ही हिशोबातली न्हवं, आईच्या इसरण्यातली!" सोनी मान खाली घालून हसायची. ते हसू मी तेव्हापासून पाहत आले आहे.

बाळंतपणानंतर बाईनं ऑपरेशन करून घेतलं, या वेळी दीर मुकाट्यानं सोबत गेले. मी पास झाले, नोकरी लागली, माझा मुलगा मला हवा तेव्हा झाला. आणि बाई? कोणती म्हैस कधी गाभण राहिली, तिचे दिवस कधी भरणार, कुठल्या पोराला कुठलं औषध सोसत नाही, माझी लसीकरणाची तारीख कुठल्या गावात कुठली, सगळं तिच्या डोक्यात. "संगे, उद्या तुझं चकलांब्याला हाय ना गं?" असा तिचा फोन यायचा, मी कॅलेंडर बघायच्या आत. हिला विसरभोळी म्हणायचं! मला राग यायचा, आणि राग गिळून मी चहा प्यायचे, कारण तो राग बाहेर काढायचा तर आधी स्वतःचं पितळ उघडं करावं लागलं असतं.

एकदा, कपिलधारहून आम्ही दोघी येत होतो. सोनीच्या दहावीचा निकाल लागला म्हणून धबधबा बघायला गेलो होतो. पोरं पुढं पळाली होती. मी म्हटलं, "बाई, मी सांगू का घरात सगळ्यांना? तू विसरली नव्हतीस म्हणून?" ती एकदम थांबली. तिला माहीत होतं की मला माहीत आहे, आणि तरी आम्ही कधी बोललो नव्हतो. "कावून? आता सांगून गोळी माझ्या पोटात जाणार हाय का?" मग दोन पावलं चालली आणि म्हणाली, "तू शिकलीस. सोनी झाली. कुणाचं काय गेलं? मला इसराळू म्हणतेत, म्हणू दे. माझं काय झडलं त्यानं?"

"सोनीचं काय?" मी विचारलं. तिनं डबी काढली, चिमूटभर मिसरी घेतली आणि बोट दातांवर फिरवत राहिली. "आता ती तरी सोड," मी वैतागून म्हटलं. तंबाखूवरून मी तिला आयुष्यभर बोलले. बोलून-बोलून थकले, ती नाही सुधारली. हृदय बंद पडलं असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आधी ती डबी आली, आणि मला त्या डबीचा भयंकर राग आला.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी सासूबाईंना भोवळ आली. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. मी बीपी पाहिलं तर चढलेलं. "गोळी घेतली का?" म्हटलं. त्या बावचळून बघायला लागल्या. "कवसी देती…" म्हणाल्या. गोळ्या कुठं असतात ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. दिरांना नाही, मुलाला नाही, मला नर्सला नाही. सोनीनं शोधलं. न्हाणीजवळच्या कोनाड्यात मिसरीची डबी होती, तिच्यात मिसरीवर कापलेली पट्टी. आठ वर्षं बाई सकाळी सातला मिसरी लावता लावता म्हातारीच्या हातावर गोळी ठेवत होती. ती गेली आणि पाच दिवस एकालाही आठवण झाली नाही. विसरभोळी म्हणे!

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, अंगणात मांडव घातला होता, सारी भावकी जमली होती. वंदना झाली, मग चार जण बोलायला उठले. भावकीतले एक मास्तर, माणूस चांगला, म्हणाले, "वहिनी साध्या, मायाळू आणि जरा विसरभोळ्या. पण त्या विसरल्या म्हणूनच तर आपल्याला सोनी मिळाली!" लोक हळूच हसले. आणि सोनी, डोळे सुजलेली, मान खाली घालून हसली. तेच हसू. मग माझ्यानं राहवलं नाही. मी उठले. माइक दिला तो नको म्हटलं.

काय बोलले ते शब्दाला शब्द आठवत नाही. म्हटलं, बाई विसरली नव्हती. पाकीट एकच मिळायचं. त्यातल्या एकवीस पांढऱ्या गोळ्या ती मला द्यायची आणि सात लोहाच्या स्वतः खायची. माझी नोकरी तिच्या गोळ्यांवर आहे. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प बसले, तेव्हाही आणि नंतर बावीस वर्षं. सोनी कुणाच्या विसरण्यातून झालेली नाही. समोर पुरुष बसले होते, म्हातारे होते, दोघं-तिघं खाली बघायला लागले. आमचे हे या वेळी नखं बघत नव्हते, एवढं मला दिसलं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मला रडू फुटलं आणि मी आत गेले. सोनी मागोमाग आली. "काकू, म्हंजी मी चुकून न्हाई?" तिनं विचारलं. "नाही गं बाळा. तुझी आई आयुष्यात एक गोळी चुकली नाही. तिनं त्या मला दिल्या." ती माझ्यावर रागावली असती तर मला चाललं असतं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि खूप वेळ रडली.

हे सगळं छापायला देऊ का, असं मी तिला गेल्या आठवड्यात विचारलं. "दे. आईचं नाव बी लिव्ह," ती म्हणाली.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला मागं गेले. सात वाजत होते. सासूबाई काठी टेकत एकट्याच आल्या होत्या आणि न्हाणीजवळच्या त्या दगडासमोर उभ्या होत्या. दगड रिकामा. त्यांनी सवयीनं हात पुढं केला होता आणि तसाच धरून ठेवला होता. सोनीनं कोनाड्यातून डबी काढली, पट्टीतली गोळी काढून आजीच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला. म्हातारीनं गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं.

"मिसरीवाणी लागतीय, आजी? दुसऱ्या डबीत ठिवू का?" सोनीनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे हितंच." त्या दगडाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "आठ वर्सं दिली गं मला. एक दिवस बी चुकली न्हाई."